चर्चेअंती सर्वानुमते मंजूर

2021 च्या डिसेंबरात आमच्या नगरपरिषदेची मुदत संपली. शेवटची सर्वसाधारण सभा रात्री साडेआठला आटोपली. शिपायाने सभागृहातले पंखे बंद केले, मी इतिवृत्ताचं रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "आता गावाचं भलं होईल." दुसऱ्या दिवसापासून मुख्याधिकारीच प्रशासक म्हणून कारभार पाहणार होते. नगरसेवक नाहीत, नगराध्यक्ष नाहीत, विषय समित्या नाहीत. मला मनापासून आनंद झाला होता आणि तो मी लपवलाही नाही. ऑफिसात बोललो, चहाच्या टपरीवर बोललो, मुलीच्या सासरी पाहुण्यांपुढे बोललो. आता मत बदललं आहे, तर तेही चारचौघांतच सांगायला हवं.

मी सत्तावीस वर्षं नगरपरिषदेत नोकरी केली, त्यातली एकोणीस सभा लिपिक म्हणून. सभेची विषयपत्रिका काढायची, ती सदस्यांच्या घरी पोच करून सही घ्यायची, सभेत बसून टिपणं घ्यायची, मागाहून इतिवृत्त लिहायचं आणि ठरावांच्या नकला ज्या त्या खात्याला द्यायच्या. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर. ही ओळ मी किती हजार वेळा लिहिली असेल, याची मोजदाद नाही.

सदस्यांबद्दल माझं मत चांगलं नव्हतं, आणि ते उगाच बनलेलं नव्हतं. दोन गल्ल्यांमधल्या एका गटारावरून रात्री अकरापर्यंत चाललेली सभा मी लिहून काढली आहे. आयत्या वेळचे विषय म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत निविदा घुसवलेल्या पाहिल्या आहेत. सभेत एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली माणसं तासाभराने ठेकेदाराच्या गाडीतून एकत्र जेवायला जाताना पाहिली आहेत. सदस्य बाई घरी आणि त्यांचे यजमान बांधकाम खात्याच्या टेबलावर, हेही पाहिलं आहे. टक्केवारी हा शब्द आमच्या इमारतीत कुजबुजत बोलण्याचा राहिला नव्हता. यातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही.

त्या पार्श्वभूमीवर जानेवारी 2022 मधली प्रशासकांची पहिली बैठक मला एखाद्या स्वच्छ धुतलेल्या खोलीसारखी वाटली. दालनात खातेप्रमुख, मी आणि प्रशासक. बेचाळीस विषय, पस्तीस मिनिटं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी बहिष्कार घातला नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली ठराव तहकूब करून घेण्याची धमकी कुणी दिली नाही. "प्रशासकीय ठराव क्रमांक 1" असं लिहिताना मला समाधान वाटलं होतं. सूचक आणि अनुमोदक या दोन जागा आता लागत नव्हत्या.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. प्रस्तावाची टिपणी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने वर जायची आणि प्रशासकांच्या सहीने मंजूर होऊन खाली यायची. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या, एकाच पेनाच्या. माझ्या टेबलावर दोन शिक्के होते. एक उठवून मी बाजूला ठेवत असे आणि दुसरा उचलत असे. दिवसातून दहा-बारा वेळा हे करत होतो आणि मनात काहीही येत नव्हतं.

निवडणुका का होत नाहीत, हे आमच्याकडे येणारी माणसं मला विचारत, कारण शासनाची परिपत्रकं माझ्या टेबलावर येत. मी त्यांना सांगायचो ते थोडक्यात असं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 साली के. कृष्णमूर्ती प्रकरणात म्हटलं होतं की, स्थानिक संस्थांमध्ये इतर मागासवर्गीयांना आरक्षण देता येईल, पण त्याला ताज्या माहितीचा आधार हवा आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आपल्याकडे सरसकट 27 टक्के चालू राहिलं. काही जिल्हा परिषदांमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या जागा मिळवल्या की बेरीज निम्म्याच्या पुढे जाऊ लागली. 4 मार्च 2021 रोजी विकास गवळी प्रकरणात न्यायालयाने तीन कसोट्या घातल्या: स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरती आकडेवारी गोळा करा, आणि एकूण मर्यादा ओलांडू नका. राज्याने अध्यादेश काढून वाट काढायचा प्रयत्न केला, त्याला डिसेंबर 2021 मध्ये स्थगिती मिळाली. नेमक्या त्याच महिन्यात आमची मुदत संपली.

पुढे मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे घेतले. मे महिन्यात न्यायालयाने निवडणुका जाहीर करा म्हणून बजावलं. माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या आयोगाचा अहवाल आला, 20 जुलैला न्यायालयाने त्यानुसार निवडणुका घ्यायला सांगितलं. तोवर राज्यात सरकार बदललं होतं. नव्या सरकारने प्रभागांची संख्या पुन्हा पहिल्यासारखी केली, मुंबईत 236 झाल्या होत्या त्या जागा परत 227 वर आणल्या. त्यावर याचिका झाली आणि 22 ऑगस्ट 2022 रोजी न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवायचा आदेश दिला. मग तारखा पडत राहिल्या.

हे सगळं समजावून झालं की मी शेवटी म्हणायचो, "होतील केव्हातरी. तोपर्यंत गाव काही बुडत नाही. पाणी येतंय, दिवे लागतात, कचऱ्याची गाडी येते." ऐकणारे मान डोलवत. वसुली सुधारली होती, मुख्य रस्त्यावरचे हातगाडे एका सकाळीत हलले होते. दाखले वेळेवर मिळत होते. माझ्या म्हणण्याला पुरावा होता.

आता ज्या विषयामुळे मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो.

आमच्या गावात ओढ्याकाठच्या वस्तीत बारा सीटचं सार्वजनिक शौचालय होतं. जागा एसटी स्टँडच्या पाठीमागची. पूर्वी तिला काही भाव नव्हता, रस्ता रुंद झाल्यावर आला. ते पाडून तिथे व्यापारी गाळे बांधावेत, असा विषय 2018 च्या एका सर्वसाधारण सभेपुढे आला. बहुतेक सदस्य अनुकूल होते. त्या वस्तीच्या सदस्या ओबीसी महिला राखीव जागेवरून निवडून आल्या होत्या. पहिलीच वेळ. सुरुवातीच्या वर्षभरात त्यांचे यजमान सभागृहाबाहेरच्या बाकड्यावर बसून असत आणि मी त्यांनाही त्याच यादीत धरलं होतं, घरच्याने उभं केलेल्या बाईंच्या. त्या दिवशी त्या उठल्या आणि चाळीस मिनिटं बसल्याच नाहीत.

त्यांच्या हातात वहीचा फाटका कागद होता. वस्तीत घरं किती, त्यातल्या किती घरांत स्वतःचा संडास आहे, किती घरांत तो बांधायला जागाच नाही कारण खोली दहा बाय बाराची आहे, कुठल्या घरांमागे ड्रेनेजची लाइन पोचलेली नाही. वस्तीत तेव्हा सात बाया गरोदर होत्या. पर्यायी शौचालय जिथे दाखवलं होतं तिथे जायला मोठा रस्ता ओलांडावा लागेल आणि त्या वळणावर खांब आहे पण दिवा नाही. म्हाताऱ्यांनी काय करायचं, पाळी आलेल्या पोरींनी काय करायचं, हे त्यांनी पुरुषांनी भरलेल्या सभागृहात स्पष्ट शब्दांत विचारलं. एका ज्येष्ठ सदस्याने "ताई, आवरा आता," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मी आवरते, तुम्ही एक दिवस आमच्याकडे मुक्कामाला या." कुणीच काही बोललं नाही. अध्यक्षांनी विषय तहकूब ठेवला.

सभा संपल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊसाहेब, मी बोलले ते सगळं लिहिलंत ना?" मी हो म्हणालो.

मी काय लिहिलं होतं, ते रजिस्टरात आजही आहे. "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली. चर्चेअंती विषय तहकूब ठेवण्यात येत आहे." दीड ओळ.

फेब्रुवारी 2023 मध्ये तो विषय पुन्हा आला, प्रशासकांपुढे, एकतिसाव्या क्रमांकावर. बांधकाम खात्याची टिपणी होती की शौचालय जीर्ण झालं आहे, वापर कमी आहे, गाळ्यांमुळे नगरपरिषदेच्या उत्पन्नात वाढ होईल. हा विषय एकदा तहकूब झालेला आहे, हे दालनात बसलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं. पूर्वीच्या ठरावाचा संदर्भ टिपणीला जोडणं ही सभा लिपिकाची रीत. मी तो जोडला नाही. टिपणी तयार होऊन आली होती, वेळ कमी होता, आणि खरं कारण असं की मला तो महत्त्वाचा वाटला नाही. प्रशासक तरुण होते, सज्जन होते, शेजारच्या गावाचाही कार्यभार त्यांच्याकडे होता. त्यांनी विचारलं, "काही हरकत?" कुणाचीही नव्हती. हरकत घेणारी खुर्चीच त्या खोलीत नव्हती. मिनिटभरात विषय मंजूर झाला आणि मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

मे अखेरीस मी निवृत्त झालो.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्याच वस्तीतल्या. त्या दिवाळीच्या सुमारास रोज उशिरा यायला लागल्या. बायकोने विचारलं तेव्हा आधी काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस सांगितलं. संडास पाडला. पलीकडचा आहे तिथे पहाटे रांग असते, उजाडल्यावर जावंसं वाटत नाही, म्हणून चौघी-पाच जणी मिळून चारला उठून जातात, परत येतात, मग पाणी भरतात. सून तिच्या माहेरी निघून गेली आहे, कारण तिला दिवस गेले आहेत आणि इथे तिचे हाल होतात. बोलता बोलता मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही तिथंच होतात ना नोकरीला? सांगायचं कुणाला असतं आता? आधी ताई तरी होत्या. त्यांच्या दारात जाऊन भांडता यायचं."

मी त्यांना अर्ज लिहून दिला. आवकचा शिक्का मारून आणला. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलो तर प्रशासक जिल्हाधिकारी कार्यालयात बैठकीला गेले होते. पुढच्या वेळी दुसऱ्या गावाला. तिसऱ्या वेळी त्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी फाइल मागवली, वाचली आणि मला समजावलं की, ठराव रीतसर झाला आहे, कुठलीही हरकत नोंदलेली नाही. ते खोटं बोलत नव्हते. फाइलमध्ये खरोखरच काही नव्हतं. ते सगळं 2018 च्या सभागृहात होतं आणि तिथून फाइलपर्यंत आणण्याचं काम ज्याचं होतं, त्याने दीड ओळ लिहिली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मनातल्या मनात दोन रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून पाहत होतो, सदस्य असतानाचं आणि प्रशासक असतानाचं. वाचताना दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. विषय, ठराव, मंजूर. उलट प्रशासकांचं जास्त नीटनेटकं आहे. म्हणूनच सदस्य गेल्यावर काही गेलं, असं मला वाटलं नव्हतं. मी कागदाचा माणूस. कागद तसाच राहिला, तेव्हा मला वाटलं कारभारही तसाच राहिला, फक्त गोंधळ कमी झाला. पण ज्याला मी गोंधळ म्हणत होतो, त्यातच सभेचं सार होतं, आणि एकोणीस वर्षं मी तेच गाळून टाकत होतो. माझंच गाळलेलं इतिवृत्त वाचून मी ठरवलं होतं की सभेत काही नसतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. ज्या कायद्याची कलमं रोज लिहीत होतो, तो कशासाठी झाला, हे निवृत्तीनंतर शोधणं ही शोभणारी गोष्ट नाही, पण झालं ते असं. राज्यघटनेतली 73 वी आणि 74 वी दुरुस्ती 1993 साली अमलात आली. नगरपालिकांसाठी त्यात अनुच्छेद 243 यू आहे. सभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण झालेली हवी. मधेच बरखास्ती झाली तरी सहा महिन्यांत निवडणूक. प्रशासक ही सोय त्या सहा महिन्यांच्या फटीपुरती. अहमदाबाद महापालिकेवरून झालेल्या किशनसिंग तोमर खटल्यात घटनापीठाने 2006 सालीच सांगितलं होतं की निवडणूक आयोगाने ही मुदत पाळलीच पाहिजे, प्रभाग रचना किंवा मतदार याद्या अशा कारणांवर ढकलाढकल चालणार नाही. हे सगळं मी नोकरीत असतानाच छापलेलं होतं.

आणखी मागे गेलो तर लॉर्ड रिपन यांचा 1882 सालचा ठराव सापडला. शाळेत आपण "स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक" असं पाठ केलेलं असतं, पुढे काही नाही. त्या ठरावाचा आशय असा आहे की कारभार सुधारेल म्हणून प्रामुख्याने हे करायचं नाही, लोकांना राज्य करायचं शिक्षण मिळावं म्हणून करायचं आहे, आणि सुरुवातीला चुका होतील हे धरूनच. परक्या व्हाइसरॉयला हे कळत होतं. मी मात्र "कामं तर होताहेत ना" एवढीच एक फूटपट्टी घेऊन बसलो होतो. त्याच सुमारास, 1876 ते 1882, महात्मा फुले पुणे नगरपालिकेत सदस्य होते, सरकारने नेमलेले. लाटसाहेबांच्या स्वागतावर आणि मोठ्या मंडईच्या इमारतीवर पैसे घालवायला त्यांनी विरोध केला होता. त्यांनी विरोध करूनही मंडई उभी राहिली आणि पुढे तिला त्यांचंच नाव दिलं गेलं. पण विरोध झाला होता हे आज आपल्याला माहीत आहे, कारण तो कुणीतरी लिहून ठेवला.

आमच्या गावासारखीच गत सगळ्या राज्याची झाली होती. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. 2025-26 चं तिचं अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचं होतं, आणि त्यावर एकाही निवडून आलेल्या माणसाने हात वर केला नव्हता किंवा खाली ठेवला नव्हता. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरला 2020 च्या वसंतापासून नगरसेवक नव्हते. आधी करोना, मग न्यायालय. म्हणजे तिथल्या माणसांची एक आख्खी पंचवार्षिक कोऱ्या पानासारखी गेली. एवढ्या काळात पहिलीतलं पोर सहावीत जातं. वित्त आयोगाच्या अनुदानाला निवडून आलेली सभा असण्याची अट आहे, त्यामुळे पैशाचंही नुकसान झालं, पण मला त्याबद्दल फार बोलायचं नाही. पैसा मागाहून येऊ शकतो.

माझा मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही दुसऱ्या टोकाला चाललात. नगरसेवक असते तरी संडास पडला असता. गाळ्यात त्यांचाच वाटा असता." असेलही. 2018 ला बहुसंख्य सदस्य गाळ्यांच्या बाजूने होते, हे मी आधीच सांगितलं. पण त्या बाईंच्या तोंडावर, त्यांच्या चाळीस मिनिटांनंतर, हात वर करून "पाडा" म्हणायला कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सदस्यांना त्याच रस्त्याने जायचं होतं, तीन वर्षांनी मतं मागायची होती. प्रशासकाला त्या रस्त्याने जायचं नसतं. त्यात त्याचा दोष नाही, त्याची नेमणूकच तशी आहे. त्याचा जाब वरच्या साहेबाला असतो, खालच्या वस्तीला नाही.

आरक्षणाबद्दलही माझं मत तेव्हा सोयीस्कर होतं. कोर्टात अडकलंय ना, मग निवडणुका थांबल्या तरी चालेल. आज मला वाटतं की हे दोन प्रश्न एकमेकांत अडकवले, तिथेच घात झाला. त्या ताई राखीव जागा नसती तर सभागृहात आल्या नसत्या. आमच्या गावात त्यांच्या समाजाची बाई त्याआधी कधीही निवडून आली नव्हती. म्हणून ते आरक्षण मला हवं आहे. पण त्याला आकडेवारीचा आधार द्या, असं 2010 साली सांगितल्यावर 2021 पर्यंत अकरा वर्षं होती. त्या अकरा वर्षांत राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. कुणीही घरोघरी माणसं पाठवली नाहीत. ज्यांच्या नावाने निवडणुका अडल्या, त्यांच्याच जागा चार वर्षं रिकाम्या राहिल्या, हे मी तेव्हा पाहिलं नाही. आणि न्यायालयाबद्दलही जे वाटतं ते सांगायला हवं. निवडणुका लांबवू नका, असं बजावणाऱ्याच न्यायालयात जैसे थे चा आदेश ऑगस्ट 2022 पासून जवळजवळ पावणेतीन वर्षं तसाच पडून राहिला. 6 मे 2025 ला न्यायमूर्ती सूर्यकांत आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्या पीठाने चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करायला आणि चार महिन्यांत त्या पूर्ण करायला सांगितलं, आणि ओबीसी जागा बांठिया अहवालाच्या आधी होत्या तशा ठेवून. अंतिम निर्णय काय लागेल तो लागो, तोवर लोकांनी मत द्यायचं थांबू नये, एवढीच ती गोष्ट होती. ती 2022 लाही करता आली असती. हे म्हणायला माझ्याकडे कायद्याची पदवी नाही, पण एका गावाचं रजिस्टर माझ्या हातून गेलं आहे.

चार महिन्यांची मुदतही पुरली नाही. सप्टेंबरात ती 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून दिली गेली. शेवटी 2 डिसेंबर 2025 ला 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींसाठी मतदान ठरलं. त्यातही काही ठिकाणी अर्जांवरच्या अपिलांमुळे ते 20 तारखेवर गेलं आणि सगळीकडची मोजणी 21 ला झाली. 57 संस्थांमध्ये आरक्षण 50 टक्क्यांच्या वर गेलं होतं, तिथले निकाल न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले गेले. 29 महापालिकांचं मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं.

आमच्याकडे मतदानाला मी सकाळी साडेसातला गेलो होतो. नगराध्यक्षासाठी एक बटण, प्रभागातल्या दोन जागांसाठी दोन. रांगेत मावशी पुढे होत्या. त्यांची सून कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल घेऊन उभी होती.

जुन्या ताई या वेळी उभ्या नव्हत्या. त्यांचा प्रभाग बदलला, जागेचं आरक्षणही बदललं. मी त्यांच्या घरी गेलो. दीड ओळीबद्दल सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला. मग आतून एक पिशवी आणली. त्यात तो फाटका कागद अजून होता. तो मला देत म्हणाल्या, "आता तरी लावा फाइलला."

त्या कागदाची झेरॉक्स जोडून, 2018 च्या तहकूब विषयाचा क्रमांक आणि 2023 च्या प्रशासकीय ठरावाचा क्रमांक घालून मी नव्या सभेकडे अर्ज केला आहे. गाळ्यांचं बांधकाम जोत्यापर्यंत आलं आहे, ते काही पाडणार नाहीत. मागणी एवढीच आहे की ओढ्याच्या याच बाजूला नगरपरिषदेची दुसरी जागा आहे, तिथे शौचालय बांधावं. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. नव्या सभागृहात कोण कसं वागेल ते मी सांगू शकत नाही. पहिल्या सभेला मी परवानगी घेऊन मागच्या खुर्चीवर बसलो होतो. आरडाओरडा झाला, दोन सदस्य उठून गेले, सभा तासभर लांबली. मी पूर्ण वेळ बसलो.

माझ्या जागी आता एक मुलगी आहे, पंचविशीतली, लॅपटॉपवर टिपणं घेते. सभेनंतर मी तिला भेटलो. तिला जे सांगितलं तेच महाराष्ट्रातल्या सगळ्या नगरपरिषदा, महापालिका आणि पंचायतींच्या सभा लिपिकांना हात जोडून सांगतो. कोण उठलं, त्याचं नाव लिहा. काय बोललं ते लिहा, त्यांच्या शब्दांत लिहा, पान वाढलं तरी चालेल. "सविस्तर चर्चा झाली" एवढं लिहून थांबू नका.